कुस्तीपासून शक्य तितकं लांब बसा

गावच्या दंगलीत आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसायला कुणाची ना नसते. तिकीट नाही, पास नाही, गळ्यात अडकवायचं कार्ड नाही. पंचांनी "मागे सरका" म्हटलं की वीतभर मागे सरकायचं आणि त्यांची पाठ फिरली की हातभर पुढे यायचं, एवढाच नियम. लाल माती अंगावर उडते, पैलवानाचा दम ऐकू येतो. अशा जागेवरून फोटो कुणीही काढेल. दुसरी-तिसरीतली पोरं मोबाइलवर काढतातच. म्हणून तुम्ही तिथे अजिबात बसायचं नाही. तुम्ही दीडशे-सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स घेतलेली आहे.

असल्या लेन्स मोठ्या स्टेडियमच्या कामाच्या. तिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यात जाळी असते, जाहिरातींचे फलक असतात, शिट्टीवाला पहारेकरी असतो. बिचाऱ्या फोटोग्राफरला जवळ जाता येत नाही म्हणून तो लांबून ओढून आणतो. आपल्या खान्देशात ही सोय नाही. लांब जाण्याची व्यवस्था आपली आपणच करावी लागते. हट्टाने कडेला बसलातच, तर साधारण अडीच मीटरच्या आत ही लेन्स फोकस घेत नाही, आणि त्याच्या पुढे घेतला तर चौकटीत एक गुडघा येतो. कुणाचा, ते पंचसुद्धा सांगू शकत नाहीत. तेव्हा दोन किलोचं ते धूड काखोटीला मारावं आणि सगळं गाव आखाड्याकडे निघालेलं असताना आपण उलट्या दिशेने चालू लागावं.

किती लांब जायचं याचा हिशोब सोपा आहे. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 600 ला चाळीस मीटरवरून जेमतेम दीड मीटर रुंदीची चौकट मिळते. तीत एक पैलवान मांडीपासून वर मावतो. कुस्तीला दोन लागतात. मग लेन्स मागे घेत घेत 300 वर आणायची, म्हणजे दोघं येतात. उरलेल्या 300 चे पैसे कशाला मोजले, हा विचार त्या वेळी मनात आणू नये, हात हलतो.

आता बैठक. शाळेचा स्लॅब उत्तम, पण तिथे दुपारपासून पोरं असतात. कडुनिंबाच्या फांदीवर लेन्स बदलता येत नाही. म्हणून अनुभवी माणूस ट्रॅक्टरची ट्रॉली निवडतो. उंची मिळते, टेकायला फळी मिळते, शेजारी कुणीतरी कागदात गोडीशेव घेऊन बसलेलं असतं. तोटा एकच. ट्रॉलीवर तुमच्याखेरीज आणखी पंचवीस माणसं असतात आणि ती कुस्ती बघायला आलेली असतात. डाव लागला की सगळी एकदम उठतात, ट्रॉली स्प्रिंगांवर हेलकावे खाते आणि तुमचा मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याखालचा एका पायाचा स्टँड, तो प्रत्येक हेलकावा इमानेइतबारे कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. लेन्समध्ये हात थरथरण्यावर तोड म्हणून स्टॅबिलायझर दिलेला असतो. ट्रॉली थरथरली तर काय, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नाही. पैलवान हलतो त्यावर तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

तुमच्या पुढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोपीचे एक आप्पा हमखास असतील. माझ्या पुढे होते. लेन्स पिशवीतून बाहेर निघताच त्यांनी वळून पाहिलं.

"हाई काय शे भो? तोफ शे का?"

"लेन्स आहे आप्पा. लांबचं जवळ दिसतं."

आप्पांनी आखाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग जोडेच जाई बस ना."

मग जवळच जाऊन बस ना, असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. शांतपणे हूड लावायचा.

सेटिंगचं एकदा ठरवून टाका. खेळ गोठवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर हवं, असं सगळे सांगतात आणि खरं सांगतात. त्यासाठी भरपूर उजेड लागतो. उजेड असतो दुपारी चारला. तेव्हा आखाड्यात रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू असतात. सहा-सात वर्षांची पोरं एकमेकांच्या चड्ड्या सांभाळत लोळत असतात. त्यांचे तुम्हाला अप्रतिम फोटो मिळतील. मग दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या कुस्त्या होतात, इनामाचा आकडा चढतो, आणि सूर्य त्याच हिशोबाने उतरतो. मानाची कुस्ती लागते तेव्हा दिवेलागण झालेली असते. तुमच्या लेन्सचं तोंड 600 ला f/6.3 पेक्षा जास्त उघडत नाही. आता आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 12,800 वर न्या. फोटोत जे दाणे दिसतील ती आखाड्याची माती आहे, असं सांगता येतं.

कुणीतरी फ्लॅश मारायचा सल्ला देईल. जरूर मारा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड आखाड्यापर्यंत पोचायच्या आतच दम तोडतो, पण त्याच्या पल्ल्यात आप्पांची टोपी येते. ती इतकी पांढरी पडते की कॅमेरा तिलाच दंगलीचा मुख्य विषय मानतो आणि मागचं सगळं काळोखात सोडून देतो.

रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेटचं वेगळं सांगत नाही. तिथे दिवे असतात, पण आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, हजाराव्या भागावरच्या शटरला कळतं. लागोपाठच्या तीन फोटोंत एकच बॅट्समन आधी गोरा, मग पिवळा, मग काविळीचा. क्रम लावून कुणाला दाखवू नका.

उन्हाचंही एक आहे. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा तापल्या जमिनीवरची हवा कढईतल्या तेलावरच्या वाफेसारखी हलते. ती जवळच्या माणसाला जाणवत नाही. लांबून, लेन्समधून मात्र अख्खा पैलवान पाण्याखाली उभा असल्यासारखा लहरतो. यावर लाखाच्या लेन्सलाही उपाय नाही. उपाय जवळ जाण्याचा आहे, आणि तो आपण आधीच बाद केला. शिवाय ही लेन्स झूम करताना पुढे लांबते, मागे येते, आणि दर वेळी भात्यासारखी हवा आत घेते. हवेबरोबर यात्रेतली धूळ. माझ्या लेन्सच्या आतल्या काचेवर तापीकाठची माती आहे. लोक गंगाजल आणतात.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचेही फोटो घ्यावेत. घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत साठाव्या भागावर शटर ठेवलं की घोडा स्पष्ट आणि मागचं सगळं पळतं, असं शास्त्र आहे. माझ्याकडे रेवाल चालीच्या घोड्याचे चाळीस फोटो आहेत. कान आहेत, शेपटी आहे. मधला भाग सोडून गेला.

खान्देशात फोटोग्राफीचं नाव निघालं की चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) आठवणारच. हा थोर माणूस दशकानुदशकं घराबाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर वस्तू मांडून त्यांतून देखावे उभे करायचा आणि हातभर अंतरावरून फोटो घ्यायचा. तुम्ही हे उदाहरण मनाला लावून घेऊ नका. त्यांना सहाशेची लेन्स मिळाली नव्हती, नाहीतर टेबल शेजारच्या गल्लीत मांडावं लागलं असतं.

आता मानाच्या कुस्तीकडे येऊ. सलामी होण्याआधी ट्रॉलीवरची चर्चा नेहमीप्रमाणे चाळीसगाव तालुक्यावर आलेली असते: विजय चौधरी, 2014, 2015, 2016, लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी. हे तीन आकडे आमच्याकडे पाढ्यासारखे म्हणतात. ते म्हणून झाले की पुढे कुणाचा वंशज कसा लढेल यावर वाद. हलगी कडाडते. तुम्ही डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा, बोट बटणावर ठेवायचं, श्वास धरायचा.

"माले बी दखाड ना."

आप्पांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी ट्रॉलीवर जागा दिलेली असते, गोडीशेवही त्यांचीच. मी लेन्स त्यांच्या डोळ्याला लावून दिली, 600 पर्यंत पुढे केली. आप्पा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "याना त दोन्ही कान फुटेल शेतस! जुना गडी शे." ट्रॉलीवर खळबळ. कान फुटलेला पैलवान म्हणजे मातीत मुरलेला, हे सगळ्यांना ठाऊक, पण चाळीस मीटरवरून कान कुणाला दिसतात? "आणि त्यो दुसरा?" मागून कुणी विचारलं. आप्पांनी तोफ अंशभर वळवली.

"गुडघाले पट्टी शे. डावा पाय टेकी नही ऱ्हायना तो." पुन्हा शांतता. "डावा पायना पट काढी हाऊ. दखज्यात."

मी "आप्पा, आता द्या" म्हणत होतो. शेवटची कुस्ती, वर्षभराची वाट. आप्पांनी खांद्यानेच मला बाजूला केलं. आखाड्यात दोन ठिपके गोल फिरत होते, हातात हात, डोक्याला डोकं. मला नुसत्या डोळ्यांनी एवढंच दिसत होतं. मग एक ठिपका खाली वाकला, डाव्या पायात शिरला, दुसरा आडवा झाला, आणि पंचवीस माणसं एकदम उठली. आप्पांनीही लेन्स सोडून दोन्ही हात वर केले. दोन किलोचं धूड मी हवेत झेललं. त्या दिवसातला माझा सर्वात अचूक झेल.

"फोटू काढा का?" आप्पांनी विचारलं.

घरी आल्यावर कार्ड रिकामं करायचं. 2,300 फोटो होते. इतके कसे, तर बोट बटणावर ठेवलं की सेकंदाला दहा निघतात. तीन-चार सेकंदांत कॅमेऱ्याचं पोट भरतं आणि तो ढेकर देईपर्यंत थांबतो. कुस्त्या त्या थांब्यातच निकाली निघतात. निवड करताना भावनाविवश होऊ नका. माझी वर्गवारी सांगतो. सलामी: सहाशे. गोल फिरणे: नऊशे. चितपट झाल्यावर जिंकलेला खांद्यावर आणि हरलेला अंगावरची माती झटकताना: चारशे. उरलेल्या चारशेंत आप्पांची टोपी. तिची वीण मोजता येते. एका फोटोत टोपीच्या डाव्या कडेला, धूसर, कुणाचा तरी पाय हवेत आहे. तो मी मोठा करून ठेवला. कुठली कुस्ती, विचारू नका.

मानाच्या कुस्तीचा फोटो गावात सगळ्यांच्या मोबाइलवर रात्री आठपर्यंत पोचला होता. झकास फोटो. दोघांचे चेहरे, उडालेली माती, पाठ टेकायच्या आधीचा नेमका क्षण. आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसलेल्या एका चौथीतल्या पोराने काढलेला. चौकटीच्या कोपऱ्यात त्याच्याच पायाचा अंगठा आला आहे, एवढा दोष मी तज्ज्ञ म्हणून काढून ठेवला.

परवा आप्पांचा फोन आला. यंदाच्या यात्रेची तारीख सांगितली, ऊन फार आहे म्हणाले, मग मुद्द्यावर आले.

"ट्रॉलीवर जागा धरी ठेयेल शे. तू नही उना तरी चाली. पन ती तोफ धाडी दे."