खाली लाल बटण असेल बघ

आठशे रुपयांचं दुःख नाहीये. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात ना, तसं. इथे काळाच्या जागी काकू सोकावल्या, एवढाच फरक. माझ्या कम्प्युटरचं निदान मांडीवर मिक्सर घेऊन बसलेल्या एका काकूंनी केलं आणि वर ते बरोबर निघालं, याचा जो राग आहे तो आज चौथ्या दिवशीही उतरलेला नाही म्हणून लिहितोय.

प्रकरण साधं होतं. आत्याचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी, आणि व्हिडिओ माझ्या गळ्यात. आमच्या घराण्यात 'याला कम्प्युटरचं कळतं' असा शिक्का एकदा बसला की प्रिंटरच्या शाईपासून आधारच्या ओटीपीपर्यंत सगळं त्याच्याकडेच. "तू करशील रे, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं काम करायला मला तीन आठवडे लागले. फोटो स्कॅन केले, अमेरिकेतल्या भाच्याने आयफोनवर घेतलेल्या शुभेच्छा घातल्या, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातल्या जड जड फाइली घातल्या आणि १९९४ सालच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून तिच्यातल्या मुंग्या घालवायला नॉइझ रिडक्शनही लावलं. एकूण २४ मिनिटं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३६,००० चित्रं. शुक्रवारी रात्री एक्सपोर्टचं, म्हणजे सगळं जोडून पक्का व्हिडिओ तयार करायचं, बटण दाबलं तर म्हणे ९ तास ४० मिनिटं. म्हणजे साधारण सेकंदाला एक चित्र. ठीक आहे, रात्रभर चालेल, सकाळी घेऊ म्हणून झोपलो. सकाळी बघतो तर उरलेला वेळ १४ तास! झोपताना होता त्याहून जास्त. आत्याने हजार पौर्णिमा बघितल्या आणि माझा प्रोग्रेस बार अजून द्वितीयेच्या चंद्रकोरीवर. कॅबिनेटमधून पिठाच्या गिरणीसारखा आवाज.

आणि हे कधी, तर दिवाळीत अठ्ठावीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर. आरटीएक्स ४०६०. हे कार्ड घ्यायला मी बायकोला जी कारणं दिली होती ती इथे लिहीत नाही, पण 'रेंडर चहा होईपर्यंत होतं' हे त्यातलं मुख्य होतं. शनिवारी सकाळी तीन वेळा चहा झाला. प्रत्येक वेळी ती कप ठेवताना स्क्रीनकडे बघायची आणि काही बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

मग कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं, वर प्लास्टिक, आणि घोडबंदर रोडवरून रिक्षा करून भर पावसात ठाण्यातल्या नौपाड्यात. (रिक्षावाल्याने विचारलं, "देव आहे का?" मी हो म्हटलं. बरोबर सांगायची ताकद नव्हती.)

नौपाड्यात एका गल्लीत एक गाळा आहे. वडील रेडिओ-मिक्सर दुरुस्त करायचे, आता मोठा मुलगा मिक्सर करतो आणि धाकटा कम्प्युटर. टेबल एकच, मधे पट्टीसुद्धा नाही. डावीकडे मिक्सरच्या भांड्यांचे ब्लेड, उजवीकडे मदरबोर्ड, आणि स्क्रू ड्रायव्हर कॉमन. धाकट्याने बसायला सांगितलं. बाकावर आधीच एक काकू. सत्तरीच्या असतील, रेनकोट अर्धा काढलेला, मांडीवर मिक्सर. त्यांचं काम झालं होतं, फक्त पाऊस थांबायची वाट बघत होत्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण काम झालेला आणि पावसात अडकलेला माणूस समाजाला फार घातक असतो.

"काय झालं?" काकू.

"रेंडर स्लो होतंय."

"काय होतंय?"

"रेंडर. म्हणजे व्हिडिओ तयार व्हायला वेळ लागतोय."

"गरम होतो का?"

"होतो हो, पण त्याचा तसा काही..."

"मग खाली लाल बटण असेल बघ."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मांडीवरचा मिक्सर उलटा केला आणि बुडाशी असलेलं ते बारीक लाल बटण दाखवलं, अगदी नवी सूनबाई दागिना दाखवते तसं. ओव्हरलोडचं बटण. मोटरवर फार लोड आला की ते टप्पकन बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो, थोडा गार होऊ द्यायचा आणि आत दाबायचं. झालं असं होतं की काकू हा मिक्सर 'जळला' म्हणून घेऊन आल्या होत्या, आणि मोठ्या भावाने तो उलटा करून बटण दाबून परत दिला होता. पैसेही घेतले नाहीत. म्हणजे लाल बटणाचं ज्ञान त्यांना होऊन वीस मिनिटं झाली होती. माणूस विपश्यना करून अकराव्या दिवशी बाहेर आला की पहिला जो दिसेल त्याला धरतो ना? तो पहिला मी.

"काकू, कम्प्युटरला असं बटण नसतं."

"मला पण असंच वाटत होतं. बारा वर्षं वापरतेय, कधी बघितलं का मी खाली? तू बघितलंस का खाली?"

नव्हतं बघितलं. खोटं कशाला बोला.

"तू भांडं फार भरलं असशील. काय वाटत होतास?"

"वाटत नव्हतो हो. आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्याचा..."

"सगळं एकदम घातलंस?"

आता याला काय उत्तर द्यायचं? घातलं होतं. चोवीस मिनिटं एकदम घातली होती, त्यात भर म्हणून नॉइझ रिडक्शन. जाणकार लोक असं करत नाहीत. ते जड क्लिप आधी वेगळ्या रेंडर करून ठेवतात, एडिटिंगला मूळ फाइलींच्या हलक्या नकला, प्रॉक्सी फाइली, वापरतात. म्हणजे थोडं थोडं घालतात. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं नव्हतं, आणि आता ते मला भाजणीच्या भाषेत ऐकावं लागत होतं.

"थोडं थोडं घालायचं बाळा. आणि मधे मधे थांबायचं. पाणी घातलं होतंस का?"

इथे मी हसलो. ती माझी चूक. हसलो आणि शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "काकू, कम्प्युटरमधे पाणी नाही घालत. म्हणजे तसं वॉटर कूलिंग असतं, नळ्यांतून पाणी फिरवून गार करतात, पण ते महाग पडतं."

काकूंनी मोठ्या भावाकडे बघितलं. मग धाकट्याकडे. मग गल्लीतून छत्री घेऊन जाणाऱ्या एका अनोळखी माणसाकडेसुद्धा. "बघा. म्हणजे पाणी लागतंच. आणि याने कोरडं फिरवलं."

तेवढ्यात धाकट्याने साइडचं पॅनल काढलं. आत धुळीची गोधडी होती. घोडबंदरला राहणाऱ्यांना धुळीबद्दल मी काय सांगणार, आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पण प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमधे जे साठलं होतं ते उचलून उशीत भरता आलं असतं. पंखा काढला तर खाली थर्मल पेस्टच्या नावाने पानवाल्याकडच्या डबीत वाळलेला चुना. ही पेस्ट प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यातल्या बारीक फटी भरते म्हणजे उष्णता नीट वर जाते. वाळली की संपलं. स्वच्छ करायच्या आधी त्याने मशीन एकदा चालवून दाखवलं होतं, प्रोसेसर १०० अंशांवर टेकला होता. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. माझा ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर दीडच्या आसपास रांगत होता. रात्रीतून वेळ वाढला तो यामुळे.

"म्हणजे गरम झाला म्हणून बंद पडला," काकू.

"बंद नाही पडला, स्लो झाला. थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात त्याला," मी. आवाज जरा चढलाच माझा.

धाकटा ब्लोअर मारता मारता मान वर न करता म्हणाला, "काकू बरोबर बोलतायत दादा. सेमच आहे."

सेमच आहे! चार वर्षं मी बेंचमार्कचे व्हिडिओ बघतोय. जेवताना बघतो, झोपताना बघतो. कुठल्या कार्डात किती व्हीरॅम, एनव्हीएमई एसएसडी साध्या साटा एसएसडीच्या किती पट, सगळं तोंडपाठ. आणि चार वर्षांत एकदाही कॅबिनेट उघडून फडकं मारलं नाही.

कार्डाचंही ऐका आता. ते नवंकोरं कार्ड पूर्ण रेंडरभर जावयासारखं बसून होतं, पाच टक्के काम. कार्डावर व्हिडिओ एन्कोड करायला, म्हणजे दाबून फाइलीत बसवायला, वेगळं सर्किटच असतं, एनव्हीएन्क म्हणतात. पण माझ्या एक्सपोर्टच्या सेटिंगमधे नवं कार्ड घ्यायच्या आधीचा जुना प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेली सेटिंग, तसाच होता, 'सॉफ्टवेअर एन्कोडिंग', तेही सगळा व्हिडिओ दोनदा चाळणारं. म्हणजे सगळं ओझं त्या शंभर अंशाच्या बिचाऱ्यावर. एका ड्रॉपडाउनमधे 'हार्डवेअर' निवडायचं होतं. (तेवढ्याच आकाराच्या फाइलीत हार्डवेअरवाल्याची क्वालिटी किंचित कमी असते हे खरं. पण हॉलमधल्या पिवळट पडद्यावर ते कोणाला दिसणार, आमच्याकडच्या निम्म्या प्रेक्षकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय.) रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या, म्हणजे दोन्ही एकाच चॅनलवर, एकाच वाटेने ये-जा. चार स्लॉटच्या बोर्डावर साधारण दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या असतात. दोघी बहिणींना पंगतीत शेजारी बसवलं की जेवण कमी आणि गप्पा जास्त, तसं झालेलं. आणि ३२०० च्या वेगाची रॅम २१३३ वर चालत होती कारण बायोसमधे, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमधे, रॅम पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपी कोणी चालूच केलं नव्हतं.

कोणी म्हणजे ज्याने मशीन बांधलं त्याने. २०२२ मधे मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कम्प्युटर बाजारात, भर गर्दीत. तेव्हा त्याने मला कानात सांगितल्यासारखं सांगितलं होतं, "साहेब, एफवाला घ्या, पैसे वाचतील." प्रोसेसर, आय५ १२४००एफ. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. मला वाटलं, कार्ड तर आपण लावणारच आहोत, मग आतलं काय चाटायचंय? पण त्या आतल्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक, म्हणजे इंटेलचं व्हिडिओ हाताळणारं सर्किटही जातं, आणि फोटोग्राफर लोकांच्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या त्या जड, रंगांचा जास्त तपशील ठेवणाऱ्या १० बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइली उलगडायला नेमकं तेच लागतं. माझ्या कार्डाला ४:२:२ येत नाही, ते पुढच्या पिढीच्या, ५० सिरीजच्या कार्डांपासून यायला लागलं. म्हणजे थोडे पैसे वाचवले आणि आता प्रत्येक लग्नाची फाइल टाइमलाइनवर टाकली की मशीन उचकी लागल्यासारखं चालतं. हे त्याला माहीत नसेल? असेल. मी व्हिडिओ एडिटिंगसाठी हवंय असं तीनदा सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्याच्याकडे एफवालाच शिल्लक असणार, दुसरं काय.

आणि खरं सांगू का, या सगळ्याचं कोणाला काही नसतं. केटररला आगाऊ रक्कम, गुरुजींना दक्षिणा, हॉलवाल्याला डिपॉझिट, आणि व्हिडिओवाला घरचाच. वर सूचना येतात रात्री साडेअकराला, "तो बंड्याचा फोटो काढून टाक, त्यांचं आता बोलणं नाहीये." एक फोटो काढला की पुन्हा एक्सपोर्ट. दोन मिनिटांचं काम.

असो. पेस्ट लागली, तांदळाच्या दाण्याएवढी, तिचे आणि साफसफाईचे मिळून आठशे. इकडे काकूंना शून्य. पाऊस थांबला होता पण काकू हलल्या नव्हत्या.

"आत्या कुठे राहते तुझी?"

"इथेच, भास्कर कॉलनीत."

"भजनाला येते का? उंच, घारी?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. उंच, घारी आणि भजनाला जाणारी आत्या एका क्षणात नाकारता येत नाही हो.

घरी आलो, हार्डवेअर निवडलं, मुंजीचा भाग वेगळा रेंडर करून घेतला, बाकीचं एक तास पाच मिनिटांत झालं. तापमान सत्तरच्या घरात. बायको म्हणाली, "कार्डाने काम केलं वाटतं." मी फक्त हं म्हटलं.

रविवारी व्हिडिओ झकास चालला. मुंजीत पंगत वाढणारे आजोबा दिसले तेव्हा हॉल एकदम गप्प झाला, आत्याने पदर डोळ्याला लावला. माझ्या बोटांना जरा बरं वाटलं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं, लोक उठायला लागले, आणि मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो तर भजनी मंडळाच्या रांगेतून ओळखीचा आवाज. "मीच सांगितलं त्याला. कोरडंच फिरवत होता."

आत्याने मला जवळ बोलावलं. वाटलं कौतुक करेल. हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "एवढं भांडं भरू नये रे बाळा."

शेजारी पुण्याची मामेबहीण उभी होती. व्हिडिओ तिच्याच लॅपटॉपवरून दाखवला होता. ती मला ओलांडून पुढे झाली. खरंच मला ओलांडून, मी हातात वायर घेऊन मधे उभा असताना. म्हणाली, "काकू, माझा पण फार गरम होतो हो हल्ली."

काकूंनी चष्मा चढवला आणि लॅपटॉप उलटा केला.