छप्पन्न कोयना आणि चिनाबचे दरवाजे

सांगली-मिरजेकडच्या गटांवर एप्रिल २०२५ पासून एक वाक्य अधूनमधून फिरत असतं: पाकिस्तानचं पाणी तोडलं. पहलगामला २६ माणसं मारली गेली आणि दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला. राग रास्त आहे, स्थगितीलाही माझा विरोध नाही. पण ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा ‘कोयनेत आज किती टीएमसी?’ (म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी) हा प्रश्न पडतो, तिथे तरी हे वाक्य मापून घ्यायला हवं.

करारात रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे गेल्या. या पश्चिमेकडच्या तीन नद्यांचं वर्षाचं पाणी साधारण १३५ दशलक्ष एकर-फूट धरतात. एक दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी. गुणाकार केला की आकडा ५,८८० टीएमसीच्या घरात जातो. कोयनेची क्षमता १०५.२५, म्हणजे छप्पन्न कोयना. एवढं पाणी अडवायला हिमालयात जागा कुठे आहे? ते वळवायचं तर पीर पंजालची डोंगररांग फोडून बोगदे काढावे लागतील. खुद्द करारानेच भारताला या नद्यांवर ३.६ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे १५७ टीएमसी, साठवायची मुभा दिली होती. दीड कोयना झाली ही. तीसुद्धा आपण वापरलेली नाही, आणि त्याचा दोष पाकिस्तानवर पूर्ण ढकलता येत नाही. साठवणुकीसाठी म्हणून आखलेलं तिथलं पहिलं धरण पाकल दुल, चिनाबच्या मरुसुदर या उपनदीवर. त्याचा उपयुक्त साठा चार टीएमसीच्याही आत आहे.

बाकी जे आहे ते वाहत्या पाण्यावर वीज काढणारं. चिनाबवरच्या ९०० मेगावॉटच्या बगलिहारवर वाद झाला तेव्हा २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफीत यांनी वापरता येणारा साठा ३७.५ वरून ३२.५६ दशलक्ष घनमीटरवर आणला. आपल्या मापात १.१५ टीएमसी. नदीला ३५ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफूट, पाणी असेल तर एवढा साठा नऊ तासांत भरतो आणि मग पाणी पुढे सोडावंच लागतं. हिवाळ्यात प्रवाह ७ हजार क्युसेकवर आला तर दोन दिवसांच्या आत. तोडलं म्हणायचं ते एवढंच.

मग स्थगितीत ताकद काहीच नाही का? आहे, पण ती गाळात आणि वेळापत्रकात आहे.

करारानुसार मृतसाठ्याच्या (तळाच्या, न वापरायच्या पाण्याच्या) पातळीखाली जलाशय रिकामा करता येत नाही, अकल्पित आणीबाणी सोडून. हिमालयातल्या नद्या मणामणाने गाळ आणतात, आणि तळाचे दरवाजे उघडून तो धुऊन काढला नाही तर जलाशय भरून जातो. चिनाबवरच्याच सलाल धरणाचं हेच झालं. १९७८ च्या समझोत्यात पाकिस्तानच्या हरकतीपायी तळाचे दरवाजे (स्लुइस) बंद करावे लागले आणि ६९० मेगावॉटचा प्रकल्प गाळाशी झगडत राहिला. मे २०२५ च्या सुरुवातीला सलाल आणि बगलिहार या दोन्ही ठिकाणी गाळ धुण्याचं काम भारताने केलं, पाकिस्तानला न विचारता.

इथेच खरी मेख आहे. मूळ आराखड्यात बगलिहारचा एकूण साठा सुमारे १४ टीएमसी होता. धरण तळापर्यंत रिकामं केलं तर आधी खाली गाळाचा लोंढा जातो. पुन्हा भरायला घेतलं की नदी आटते. ३५ हजार क्युसेकला साडेचार दिवस, ७ हजारांना तीन आठवड्यांहून जास्त. म्हणून तर कराराने चिनाबवर पहिला भरणा २१ जून ते ३१ ऑगस्ट याच काळात, आणि पाकिस्तानातल्या मराळा बंधाऱ्याच्या वरती ५५ हजार क्युसेकपेक्षा प्रवाह कमी होऊ न देता करायचं बंधन घातलं होतं. हे बंधन आता आपण मानत नाही. पेरणीच्या तोंडावर दोन आठवडे कालवा कोरडा म्हणजे काय, हे ताकारी-म्हैसाळ या सांगलीच्या उपसा योजनांचं आवर्तन लांबलेल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

दुसरी ताकद माहितीची. रोजच्या पातळ्या आणि विसर्गाचे आकडे महिन्याच्या महिन्याला एकमेकांना द्यायचे, हे कराराचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगाचं कलम. ते थांबलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूच्या तवी नदीला पूर आला तेव्हा भारताने इशारा दिला, पण करारातल्या दोन्ही देशांच्या सिंधू आयोगाऐवजी इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकी म्हणून.

मी राहतो तो नेदरलँड्स अख्खा ऱ्हाईनच्या खालच्या अंगाला आहे. १९९५ मध्ये लोबिथला, म्हणजे ऱ्हाईन या देशात शिरते तिथे, विसर्ग सेकंदाला १२ हजार घनमीटरच्या आसपास गेला, तेव्हा इथली अडीच लाख माणसं बांध फुटण्याआधीच हलवली. बांध फुटले नाहीत ते वेगळं. वरच्या देशातल्या पातळ्या रोज हातात असल्याशिवाय असा निर्णय घ्यायला कुणी धजत नाही. महायुद्ध संपून पाच वर्षं होताहेत तोच, १९५० मध्ये, जर्मनी आणि नेदरलँड्स ऱ्हाईनच्या आयोगात शेजारी बसले. इथले लोक हे उदाहरण आपल्याला फार तत्परतेने देतात. पण १९५० नंतर ऱ्हाईन ओलांडून कुणी बंदूकधारी पाठवले नव्हते, आणि दोन्ही काठांवर अण्वस्त्रं रोखून बसलेली सरकारंही नव्हती. ही तुलना मला अर्धीच पटते.

सांगलीची मला जास्त पटते. आपण एकाच कृष्णेवर वरचेही आहोत आणि खालचेही. उन्हाळ्यात कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी मागतो तेव्हा आपण वरचे. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायचं निघालं की फुगवट्याच्या धास्तीने आपण ओरडतो. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोका पातळी ४५. ‘विसर्ग वेळेत कळवा’ ही मागणी तेव्हा कुठल्या पक्षाची होती? सगळ्यांचीच.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. कराराच्या बाराव्या कलमात एकतर्फी स्थगितीची सोय नाही; दोन्ही सरकारांनी मान्य केलेला नवा करार होईपर्यंत जुनाच चालू, असं ते म्हणतं. द हेगच्या लवादाने जून २०२५ मध्ये या वादावर निर्णय द्यायचा स्वतःचा अधिकार कायम असल्याचं सांगितलं, भारत त्या लवादालाच मानत नाही. भारताचा भक्कम मुद्दा वेगळा आहे आणि तो पहलगामच्या आधीचा आहे: जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये करार बदलण्यासाठी दिलेल्या रीतसर नोटिसा. १९६० मध्ये हवामानबदल, आजची लोकसंख्या, गाळ यांचा पुरता हिशेब कुणी धरला नव्हता. तो मांडून बोलणी मागणारा देश जगाला समजतो. थेंबही देणार नाही म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो धरणाचा, आणि ते अजून बांधलेलं नाही.

पावसाळ्यात चिनाब कुणाला अडवू देणार नाही. बातमी पाहायची ती ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली: पाकिस्तानी पंजाबात गहू पेरला जात असतो, मराळ्याला पाणी उतरलेलं असतं आणि वरच्या बाजूला एखाद्या धरणाचा भरणा सुरू झालेला असतो.