आधी प्लग द्या, मग पॅनल द्या

माझ्या वर्गात फळ्याच्या बरोबर मधोमध टच-स्क्रीनचं मोठं डिजिटल पॅनल ठोकलंय. शेजारची अख्खी भिंत रिकामी होती, तिथे नाही. बसवायला आलेल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, सेंटरलाच लावायला सांगितलंय, फोटोत नीट येतं." फोटोत! वर्षभर त्या फळ्यावर शिकवायचं मला, आणि जागा ठरली फोटोवरून.

आता माझ्याकडे फळ्याच्या दोन पट्ट्या उरल्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येकी हातभर रुंद. मी दहावीला भूमिती शिकवते. प्रमेय शिकवायचं म्हणजे आकृती, शेजारी पक्ष आणि साध्य, खाली सिद्धता, हे सगळं मुलांना एका नजरेत दिसावं लागतं. सिद्धतेची तिसरी ओळ वाचताना मूल पुन्हा आकृतीकडे बघतं, कोणता कंस, कोणता कोन ते शोधतं. त्या बघण्यातच भूमिती कळते. माझी आकृती एका पट्टीवर, सिद्धता दुसऱ्या पट्टीवर, आणि मध्ये ती काळी, बंद काच. कडेच्या बाकांवरची मुलं माना वाकड्या करून बघतात आणि शेवटी शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतात. संताप येतो मला.

"जुन्या शिक्षकांना तंत्रज्ञान नको असतं" हे तर ऐकवूच नका. मला ते हवंय म्हणून तर एवढी चिडले आहे. जिओजिब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर मी ते पॅनल यायच्या कितीतरी आधीपासून वापरते. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने 2001 साली ते सुरू केलं, आणि शाळांना ते फुकट आहे. अर्धवर्तुळावर एक बिंदू घ्यायचा, व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडायचा आणि बोटाने ओढत न्यायचा. त्रिकोण लांबट होतो, चपटा होतो, पण कोपऱ्यातला आकडा 90च राहतो. हे मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा म्हणाला, "बाई, परत करा." मग म्हणाला, "बाई, बिंदू वर्तुळाच्या आत नेला तर?" नेला. कोन 90च्या वर गेला. बाहेर नेला, तर खाली आला. हे खडूने दाखवता येत नाही. तंत्रज्ञान यासाठी हवं.

पण हे होतं कधी? वीज असेल तेव्हा. वर्गात एकच प्लग आहे, तोही मागच्या भिंतीला. बाकांच्या मधून एक्स्टेंशन ओढायची, कुणाचा पाय अडकू नये म्हणून त्यावर दप्तरं ठेवायची. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे, तरी इन्व्हर्टर मंजूर नाही. वाय-फायचा राउटर ऑफिसात, त्याची रेंज जिन्यापर्यंत. आमच्या खिडक्या पश्चिमेला. शाळा दुपारची. तीननंतर ऊन थेट काचेवर पडतं आणि स्क्रीनवर मुलांना स्वतःचे चेहरे दिसतात. मी पडदे मागितले. साधे, जाड कापडाचे. उत्तर आलं, पडद्यांसाठी तरतूद नाही. पॅनलसाठी होती, पडद्यांसाठी नाही!

त्यात गेल्या दिवाळीनंतर पॅनलमधल्या धड्यांचं लायसन्स संपलं. सुरू केलं की पासवर्ड मागतं. पासवर्ड ज्याच्याकडे होता तो कंपनीचा माणूस नोकरी सोडून गेला. युनेस्कोच्या 2023च्या जागतिक शिक्षण अहवालात लिहिलंय की शिक्षणातली ही तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी दर 36 महिन्यांनी बदलतात. मग घेतानाच पुढचा खर्च कोण करणार हे का ठरवत नाही तुम्ही? 35 मिनिटांचा तास असतो माझा. त्यातली पहिली दहा मिनिटं वायर, पासवर्ड आणि "बाई, दिसत नाहीये" यात गेली, तर मी शिकवू काय? एवढं करूनही महिनाअखेरीस "पॅनल वापरतानाचे फोटो पाठवा" असा निरोप येतो. कुठला घटक शिकवला, मुलांना काय कळलं, हे कुणी विचारलेलं नाही. एकदाही नाही.

आणि ऑनलाइन माहिती! ज्या मोबाइलवर मी मुलांना चंद्राच्या कला दाखवू शकले असते, त्याच मोबाइलवर तासभर ओटीपीची वाट बघते. हजेरीपटावर हजेरी लावायची, तीच परत ऑनलाइन भरायची. खिचडी किती मुलांनी खाल्ली ते भरायचं. पोर्टल दिवसा चालत नाही, म्हणून रात्री जेवणं आटपून बसायचं. शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम लावायचं नाही. मग ही माहिती भरणं शैक्षणिक कसं झालं?

सगळ्यात जास्त चीड आधारची येते. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आता आधार जुळलेल्या मुलांवर होते. दाखल्यावर नाव एक, आधारवर स्पेलिंग वेगळं, की ते मूल हिशेबातून बाहेर. रोज दुसऱ्या बाकावर बसणारी, हात वर करणारी माझी विद्यार्थिनी कागदोपत्री नाही. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. दुरुस्तीच्या रांगेसाठी तिने रजा घ्यायची, म्हणजे त्या दिवसाचे पैसे बुडवायचे. आणि हे तिला जाऊन सांगायचं मी.

गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाका म्हणतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दांडेकर पुलाच्या वस्तीतून येतात. घरात फोन एक, तो वडिलांच्या रिक्षात. ते रात्री दहाला येतात तेव्हा पोर झोपलेलं असतं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, 2017च्या शिक्षक दिनापासून दीक्षा हे धड्यांचं सरकारी ॲप आहे, त्यातले काही व्हिडिओ खरोखर छान आहेत. मी स्वतः वापरते. पण कोड स्कॅन करायला मुलाच्या हातात फोन लागतो ना?

प्रशिक्षणाबद्दल काय बोलू. भर मे महिन्यात दिवसभर बसवून स्लाइड वाचून दाखवल्या. पॅनलला हात लावायला मिळाला नाही. संध्याकाळी अभिप्रायाची लिंक मात्र सगळ्यांकडून भरून घेतली.

आता टॅब येणार आहेत म्हणे, वर्गासाठी वीस. मी बैठकीत तीनच गोष्टी विचारल्या. चार्ज कुठे करायचे, काच फुटली तर पैसे कोण देणार, आणि साठ मुलांत वीस टॅब कसे वाटायचे. उत्तर मिळालं, "बाई, आधी येऊ तर द्या." नाही. या वेळी आधी नाही. वर्गात प्लगची पट्टी, कुलपाचं कपाट, खिडक्यांना पडदे आणि बिघाड झाल्यावर दोन दिवसांत येणारा माणूस, हे लेखी द्या. तसा अर्ज मी मुख्याध्यापिकांकडे दिलाय आणि त्याची पोच घेतली आहे. हे मिळेपर्यंत "टॅब मिळाले, सुस्थितीत आहेत" या कागदावर मी सही करणार नाही.