साइटवर न जाता सही?

नोकरी सांभाळून घरांची डिझाइनं करणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर साइटवर न जाताच सही करतात, असं म्हणत एका लेखात त्यांना सरसकट झोडपलंय, ते अर्धंच पटलं. मी स्वतः आठवडाभर पुलांची कामं करतो आणि रविवारी नागपूरच्या हुडकेश्वर-बेसाकडची एखाद-दुसरी घरं घेतो. ऑफिसला लेखी कळवून, बरं का.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ठेकेदारानं साडेतीन फुटांवर, काळ्या मातीतच पीसीसीची (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थराची) तयारी केलेली. म्हणे, "साहेब, बाजूवाल्यानं एवढंच खोदलं ना!" बाजूवाल्याच्या कंपाउंडला बोट जाईल एवढी तिरपी भेग होती, ती त्याला दाखवली. ही माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आक्रसते. पाया खालच्या कडक मुरमात न्यावाच लागतो. मुरूम फारच खोल असला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर बूड असलेले काँक्रीटचे खोल खांब. इथे साडेसहा फुटांवर लागला, मालकाचा जीव भांड्यात पडला.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूकही (वाकवलेली टोकं) 90 अंशांतच वाकवलेले, ते 135 करून घेतले. स्लॅबवरचं गोणपाट सकाळी ओलं, अकराला कडकडीत. काँक्रीटच्या बांधकामाचा भारतीय कोड आयएस 456 (2000) अशा कोरड्या उन्हात किमान 10 दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवणं, सांगतो, चार दिवसांत पाइप गुंडाळून चालत नाही.

खरा घोळ फक्त मंजुरीपुरती सही विकणाऱ्यांचा आहे, आणि त्यात पूर्णवेळ ऑफिस थाटलेलेही आहेत. माझ्याकडेही एक जण आला होता, "फक्त शिक्का मारा, येण्याची गरज नाही." चहा पाजला आणि परत पाठवला. घर त्याचं बांधून झालंय, सही कोणाची ते माहीत नाही.