झाकणभर पाणी

सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन हातात होता. आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. वाळूत पोटावर टेकलेलं जुनं विमान, शेपटाकडून मोडलेलं. खाली लिहिलेलं, 'सहारातलं भुताचं विमान. स्वतःचाच तळ ओलांडून सातशे किलोमीटर पुढे गेले हे शहाणे!' आणि त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. मी मोजले. अकरा. दूध उतू गेलं.

ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. तिथे लिहून उपयोग नाही, दहा मिनिटांत त्यावर 'शुभ सकाळ'चं फूल येऊन पडतं. म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ते भुताचं विमान नाही. 'लेडी बी गुड' नावाचं अमेरिकन बी-२४ लिबरेटर आहे, चार इंजिनांचं बॉम्बर. त्यात नऊ माणसं होती. मला ती गोष्ट नववीत असताना कळली, पुस्तकातून नाही, आमच्या आप्पांकडून.

आप्पा डिझेल मेकॅनिक. ऐंशीच्या सुमाराला मिरजेतून जे बरेच जण आखातात आणि लिबियात गेले त्यांतले एक. चार वर्षं लिबियात होते, एका कंत्राटदाराच्या कॅम्पवर. एकदा दुपारी लांबच्या एका पंपाची दुरुस्ती करून पिकअपने परत येताना वाळूचं वादळ उठलं. गाडीत तिघं: आप्पा, एक मल्याळी वेल्डर आणि लिबियन ड्रायव्हर. चाकोऱ्या पुसल्या गेल्या, गाडी रुतली, रात्र झाली. वारा पडल्यावर आप्पांना समोर उजेड दिसला. तेलविहिरीवर गॅस जाळतात ना, ती ज्योत. आप्पा सांगायचे, 'अगं, पलीकडच्या शिवारात कुणीतरी शेकोटी केल्यागत दिसत होती. म्हटलं, हे काय, तासाभराची वाट.' ते उठले आणि निघाले. ड्रायव्हरने मागून शर्टाची कॉलर धरून त्यांना खाली बसवलं. पाण्याचा कॅन ओढून स्वतःच्या पायांमध्ये घेतला. आप्पांना अरबी येत नव्हती, त्याला हिंदी येत नव्हती. तो बोटं चालवून दाखवत म्हणाला, 'अमेरिकन. मशी, मशी, मशी. खलास.'

मशी म्हणजे चालणं.

कॅम्पवर परतल्यावर आप्पांनी इतरांना विचारलं, तेव्हा त्या शब्दांमागची अख्खी गोष्ट त्यांना कळली.

४ एप्रिल १९४३, दुसरं महायुद्ध. लिबियातल्या बेंगाझीच्या दक्षिणेला सोलुच नावाची धावपट्टी. इटलीतल्या नेपल्सच्या बंदरावर बॉम्ब टाकायला पंचवीस विमानं निघाली. तिथेही वाळूचं वादळच होतं. हे विमान निघालं शेवटच्या काही विमानांत. आणि या नऊ जणांची ही पहिलीच मोहीम. पहिलीच! सगळी विशी-तिशीतली पोरं, आफ्रिकेत येऊन थोडेच दिवस झालेले. नेपल्सला पोहोचेपर्यंत अंधार पडला, खालचं काही दिसेना, म्हणून परत फिरले आणि बॉम्ब समुद्रात टाकून दिले.

परतीच्या वाटेवर एकटे, रात्र, खाली ढग. मध्यरात्र उलटून बारा मिनिटं झाली तेव्हा वैमानिक हॅटनने रेडिओवरून दिशा विचारली, त्याचं स्वतःचं दिशादर्शक यंत्र चालत नव्हतं. बेंगाझीजवळच्या बेनिनाच्या रेडिओ केंद्राने सांगितलं, ३३० अंश. म्हणजे विमान वायव्येला, अजून समुद्रावर आहे, येतंय. पण तेव्हाच्या त्या गोल अँटेनाला आवाज कोणत्या रेषेवरून येतोय एवढंच कळायचं. त्या रेषेच्या पुढच्या टोकावरून की मागच्या, ते कळायचं नाही. विमान तळ ओलांडून बरोबर उलट्या बाजूला गेलेलं होतं, वाळवंटावर. नंतर ज्यांनी तपास केला त्यांनी हेच कारण लावलं. तळावरच्या लोकांनी विमानाचा आवाज ऐकून प्रकाशाचे गोळेही सोडले होते. वर कुणाला दिसले नाहीत.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? रेडिओ सांगतोय अजून पुढे या, ते पुढे गेले. तुम्ही गाडीत बसून फोनमधली बाई सांगेल तिकडे वळता की नाही? आप्पा तर जमिनीवर उभे होते, डोळ्यांसमोर उजेड होता, तरी चुकलेच असते. सकाळी उजाडल्यावर ती ज्योत दिसेनाशी झाली. ती चाळीसेक किलोमीटर लांब होती असं त्यांना नंतर कळलं. निघाले असते तर आज मी हे लिहायला... जाऊ दे.

रात्री दोनच्या सुमारास इंधन संपत आलं आणि नऊही जणांनी उड्या टाकल्या. त्यांना वाटत होतं खाली समुद्र असेल. बुडू नये म्हणून घालायची जॅकेटं घालून ते सहाराच्या वाळूत उतरले. हे वाक्य लिहिताना आत्तासुद्धा माझा हात थांबला.

आठ जण एकमेकांना सापडले. नववा, बॉम्ब टाकणारा जॉन वोरावका, सापडलाच नाही. त्याची पॅराशूटची छत्री नीट उघडली नव्हती. या आठांना ते माहीत नव्हतं. सहवैमानिक रॉबर्ट टोनर खिशात छोटी डायरी ठेवायचा. तिच्यात त्याने लिहिलंय की वायव्येकडे चालायला लागलो, जॉन अजून नाही.

आठ माणसांत अर्धी बाटली पाणी. लष्करातली ती पत्र्याची बाटली असते ना, ती अर्धी. दिवसाला माणशी एक झाकण.

रिकामं विमान मात्र तसंच उडत राहिलं. दक्षिणेला आणखी सव्वीस किलोमीटर गेलं आणि आपलं आपण वाळूवर घसरत टेकलं. आत पाणी होतं. खाणं होतं. सोळा वर्षांनी माणसं तिथे पोहोचली तेव्हा त्यातला रेडिओ चालत होता, थर्मासमधला चहा पिता येत होता. सव्वीस किलोमीटर! मिरजेपासून तासगाव एवढंच असेल. पण ते कुठे पडलंय हे त्यांना कळणार कसं? त्यांच्या हिशेबाने समुद्रकिनारा जवळ होता, म्हणून ते उत्तरेकडे चालले. किनारा सहाशे-सातशे किलोमीटरवर होता.

म्हणून मला त्या 'गाडी सोडायची नाही' म्हणणाऱ्या ड्रायव्हरची आठवण येते. आप्पांना गाडी होती. या पोरांना गाडीच नव्हती सोडायला.

पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं. दिवसा भाजायचं, रात्री पारा दोन अंशांवर, झोप नाही. मागून कुणी शोधत आलं तर कळावं म्हणून पॅराशूटच्या कापडाच्या पट्ट्या वाळूवर बाणासारख्या मांडून वर दगड ठेवत गेले. आजूबाजूला हे आठ सोडून माणूस नाही, आणि तरी यांना खात्री की कुणीतरी येणार! चौथ्या दिवशी वाळूच्या टेकड्या लागल्या. ला मॉटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही जायला आले. पाचव्या दिवशी शेली, रिपस्लिंगर आणि मूर तिघे मदत आणायला पुढे गेले. पाच जण तिथेच राहिले, त्यांना चालवत नव्हतं. टोनर रोज लिहीत होता. प्रार्थना करतोय. दोन-चार पक्षी दिसले. पाणी असतं तर निभावलं असतं, आता जिभेला लावण्यापुरतंच आहे. सोमवारी, १२ एप्रिलला, शेवटची ओळ: अजून मदत नाही, रात्र फार थंड.

आठ दिवस, झाकणभर पाण्यावर. तज्ज्ञांना वाटलं होतं त्याच्या दुपटी-तिपटीने चालले ते. विमान सापडल्यावर लष्कराच्या पथकाने अख्खा उन्हाळा शोधलं आणि शेवटी सांगितलं की वाळूखाली गेले असतील. मग फेब्रुवारी १९६० मध्ये तेलशोधाच्या लोकांना ते पाच जण एकत्र सापडले, विमानापासून जवळपास १३० किलोमीटरवर. पुढे गेलेल्यांपैकी शेली आणि रिपस्लिंगर त्याच वर्षी मे महिन्यात सापडले, आणखी कित्येक मैल पुढे. म्हणजे पाच दिवस तसे काढल्यानंतर ही पोरं अजून कित्येक मैल चालली, मागच्या पाचांसाठी. आणि आमचा ग्रुप म्हणतो 'हे शहाणे'.

मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. ते बॉम्ब टाकायलाच निघाले होते. बरोबर. नेपल्समध्ये त्या काळात बॉम्बखाली हजारो साधी माणसं मेली, तेही बरोबर. मी ते नाकारत नाही. पण जिभेला पाणी लावून बसलेल्या माणसाला हे सुनावायची माझी तयारी नाही.

दुसरं येणार, 'आपल्या जवानांवर कधी लिहिलंस?' बरं, लिहिते. रायगडमधल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच मारले गेले. बावीस वर्षांचे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर कुठे आहे कुणाला माहीत नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. आता बोला. तिथे हसणारा चेहरा टाकाल का? नाही टाकणार, आणि टाकू नयेच. मग या नऊ जणांवर का? ते गोरे म्हणून? फोटो जुना म्हणून?

आत्ता चहा पिऊन आले. मघाचा आवाज जरा चढलेला आहे, पण खोडत नाही.

आप्पांच्या त्या रात्रीतलं एक राहिलंच. सकाळी नऊच्या सुमाराला कॅम्पचा पाण्याचा टँकर त्यांना शोधत आला. सगळं मिळून सोळा-सतरा तास. आप्पांनी घरी पत्र लिहिलं. ते मिरजेला पोहोचलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. आई ते पत्र वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि रडली. मी विचारलं, 'आप्पा बरे आहेत ना, मग का रडतेस?' ती म्हणाली, 'ते तिथं बसले होते तवा मी हितं शेंगा फोडत होते गं. मला काहीच कसं कळलं नाही?'

तीन आठवडे जुन्या, संपलेल्या संकटासाठी एवढं. त्या नऊ घरांना सांगितलं होतं की तुमचा मुलगा समुद्रात गेला. सगळ्यांनी समुद्रच धरला होता, शोधही समुद्रातच झाला. त्या आयांनी इतकी वर्षं पाणी डोळ्यांसमोर आणलं असेल, लाटा, बुडणं. आणि सतरा वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतं की बाई, समुद्र नव्हता, पाणीच नव्हतं. कोणत्या आईने ते कसं ऐकलं असेल मला कल्पना करवत नाही. काहींना निदान पुरायला काही मिळालं, हे बरं झालं असं म्हणतात. असेल बरं. मला ठरवता येत नाही.

आप्पा परत आल्यावर आयुष्यभर गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवायचे. मिरजेहून सांगलीला जायचं असलं तरी. आम्ही पोरं हसायचो, मी सगळ्यांत जास्त. एकदा मे महिन्यात मी फारच बोलले तेव्हा त्यांनी काही न बोलता बाटलीचं झाकण काढलं, त्यात पाणी ओतलं, माझ्यासमोर ठेवलं. 'हे घे. उद्या सकाळपर्यंत एवढंच.' मी हट्टाने घेतलं. साडेअकराला माठाशी जाऊन तीन तांबे प्यायले. आप्पा बघत होते. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी ते झाकण धुऊन परत बाटलीला लावलं.

ज्याने फोटो टाकला तो चांगला मुलगा आहे, मला माहीत आहे. माझ्या आईच्या वेळी रात्री रक्त द्यायला तोच आला होता. पोस्ट काढून टाक असं मी त्याला म्हणणार नाही. फक्त त्याच्याखाली आता ही नावं टाकणार आहे, गावांसकट, म्हणजे भुतं कोणत्या गावची होती ते तरी कळेल. विल्यम हॅटन, न्यूयॉर्कमधलं व्हाइटस्टोन. रॉबर्ट टोनर, मॅसॅच्युसेट्सचं नॉर्थ अ‍ॅटलबरो. डीपी हेज, मिझुरी. जॉन वोरावका, क्लीव्हलँड. तो ऑगस्ट १९६० मध्ये सापडला, छत्रीसकट. हॅरोल्ड रिपस्लिंगर, मिशिगनमधलं सॅगिनॉ. रॉबर्ट ला मॉट, मिशिगनचंच लेक लिंडन. विमानाचा एक पंखा आता त्याच्या गावात ठेवलाय. गाय शेली, पेनसिल्व्हेनिया. सॅम्युअल अ‍ॅडम्स, इलिनॉयमधलं युरेका. आणि व्हर्नॉन मूर, ओहायोमधलं न्यू बॉस्टन, जो शेली आणि रिपस्लिंगरबरोबर मदत आणायला निघाला होता. तो अजून सापडलेला नाही.