चंदी वाढवण्याआधी म्हाताऱ्या घोड्याचं तोंड बघा

‘वय झालं की घोडा वाळतोच, भिजवलेला हरभरा आणि गूळ दुप्पट करा, महिन्यात भरून येतो’ असा मेसेज सध्या घोडेवाल्यांत फिरतोय. हात जोडून सांगतो, तसं करू नका.

नुसत्या वयाने घोडा वाळत नाही. खोट बहुतेक वेळा दाढांत असते. घोड्याची दाढ वर्षाला 2-3 मिलिमीटर वर सरकते आणि तेवढीच झिजते. पंचविशीच्या आसपास ती संपत येते, धारदार कडांनी गाल सोलतात. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले दिसले, की समजा, त्याला चावता येत नाहीये. आमच्या घोडीचे असे बोळे मी कितीतरी दिवस नुसते झाडून टाकत होतो, याचं आजही वाईट वाटतं.

अशात एकदम चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, वाढवली तर पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येऊन जनावर लंगडतं. गुळाने त्यात भरच पडते.

आधी डॉक्टरांकडून दाढा कानशीने घासून घ्या, जंतांसाठी लीद तपासा. मग चारा बारीक करून, भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडाथोडा द्या. थंडीत पाणी कोमट ठेवा.