माळ्यावरचा सीपीयू आणि लिनक्सची मात्रा

मुंबईच्या हापिसातून निवृत्त झालेले कम्प्युटर चतुर्थीला सिंधुदुर्गात येतात. चाकरमान्याच्या गाडीत, मखराच्या सामानाखाली दबून. दीड दिवस त्यांना ओटीवर मान मिळतो, 'पोरांका शिकाक बरो' असा शेरा मिळतो, आणि मग गणपतीची पाण्यात व सीपीयूची माळ्यावर अशी दोघांची एकदमच पाठवणी होते. पुढचा पावसाळा आमसुलांच्या बरणीशेजारी काढल्यावर कोणाला तरी आठवतं, की वाडीत एक माणूस आहे, तो असल्या मेलेल्यांना लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली) घालून उठवतो. मग तो डबा माझ्या पडवीत येतो. सोबत रोग्याची माहितीही येते : "चालूच आसा. फकत चालू होना नाय."

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि पडवीतली गर्दी वाढली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमच्याकडे येतात ते कोअर टू ड्युओ, पिढ्यांचे आकडे सुरू होण्याआधीचे. त्यांना पिढी विचारणं म्हणजे आजोबांना दहावीचा बोर्ड नंबर विचारणं.

लोकांची समजूत अशी, की लिनक्स हे काहीतरी गावठी औषध आहे. दोन थेंब पाजले की कम्प्युटर उठून बसतो. लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. बाकीचा सगळा वेळ खातो तो किनाऱ्यावरचा दमटपणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वाऱ्यात मीठ आणि उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ. धूळ सुकी असते तोवर निरुपद्रवी. तिने मीठ आणि ओल धरली की ती वीज वाहू लागते, आणि मग मदरबोर्डवर नको तिथे जोडण्या होतात. म्हणून माळ्यावरून उतरलेला सीपीयू आधी प्लगला लावायचा नाही. 'बघूया तरी' हे वाक्य इथे सक्त मना.

आधी वायर काढलेल्या अवस्थेत पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, मग बाजूचे दोन स्क्रू काढायचे. ते गंजलेले असतातच. खोबरेल तेल घालू नये, त्याने धूळ आणखी चिकटते. गंज सोडवणारा स्प्रे कापसावर घेऊन स्क्रूच्या डोक्याला लावायचा आणि चहा पिऊन यायचं. झाकण उघडलं की प्राणिशास्त्राचा तास सुरू होतो. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं, पंख्याखाली मुंग्यांची वसाहत असते, आणि पॉवर सप्लायमध्ये पाल. ती बहुधा वारलेली असते, आणि जाताना सप्लायही घेऊन गेलेली असते.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. आपल्या २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतो. तपासायचाच तर बाहेरून : बोर्डाच्या आणि डिस्कच्या सगळ्या जोडण्या काढायच्या, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला पेपरक्लिपने जोडायची, आणि मग मेन चालू. पंखा फिरला तर जीव आहे एवढंच कळतं. तब्येत कळत नाही. पाल निघालेला सप्लाय मी सरळ बदलतो. दुरुस्त करून देणारे लोक आहेत, माझी त्यांच्या घरादाराला शुभेच्छा.

मग सफाई. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. नाहीतर पंखा भिंगरीसारखा फिरतो, बेअरिंग जातं आणि फिरताना तो उलट वीजही बनवू शकतो. राहिलेला चिकट थर मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोविडात उरलेलं सॅनिटायझर चालेल का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. चालणार नाही. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, कधी वासही असतो. बोर्ड गुलाबाचा दरवळेल, पण चालणार नाही.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या असतात. चालू करताच नुसतं बीप-बीप आणि काळा पडदा, अशा तक्रारींत पहिला संशय रॅमवर घ्यावा. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने घासायच्या, चुरा झटकायचा, अल्कोहोलने पुसायच्या आणि 'टक्' आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू येईपर्यंत बसवायच्या. एवढ्यावर उठलेले कम्प्युटर इतके आहेत, की खोडरबरालाच देव्हाऱ्यात जागा द्यावी. नंतर बोर्डवरचे कपॅसिटर पाहावेत. वरची पत्र्याची टोपी सपाट असेल तर ठीक. पुरीसारखी फुगलेली असेल, तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा कपॅसिटर बसवणारा हात हवा. तो नसेल तर बोर्डाला नमस्कार.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडखडीत झालेली असते. जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. उदार लोक पोळीला तूप लावावं तशी लावतात. ती कडेने ओघळते आणि उष्णता काही जास्त जात नाही. जुन्या इंटेल पंख्याचे चार प्लॅस्टिकचे खिळे बाणाच्या दिशेने फिरवून उचलायचे. बसवताना समोरासमोरचे दोन-दोन दाबायचे. त्यातला एक तुटणार हे धरून चालावं.

आता बटणाएवढा सेल. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. माळ्यावर हा हमखास संपतो आणि कम्प्युटर स्वतःला २००८ किंवा २००९ सालात समजू लागतो. दिसायला किरकोळ, पण तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र 'अजून लागूच झालेलं नाही' असं ब्राउजरला वाटतं आणि एकही पान उघडत नाही. लिनक्सचे अपडेटसुद्धा 'ही यादी भविष्यातली आहे' म्हणून नाकारले जातात. लोक राउटर बदलतात, कंपनीला फोन करतात, वायरमनला शिव्या देतात. सेल बदलायचा आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात, तारीख लावायची.

तिथेच असताना साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करून ठेवायचा, कारण यापुढचा खर्च एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचा, आहे. साध्या अडीच इंची साटा एसएसडीने जुन्या यंत्राला जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशाने पडत नाही. लिनक्सनेही नाही, हे लिनक्सवाल्यानेच सांगितलेलं बरं. जुनी डिस्क ठेवायचाच हट्ट असेल तर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे पाहावेत : 'रिअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेले) आणि 'पेंडिंग' (संशयित) सेक्टर शून्य हवेत. पेंडिंग वाढत असतील तर लग्नाचे फोटो आजच दुसरीकडे हलवावेत.

रॅम चार जीबी केली की संसार चालतो. पण डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्हींना २४० पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. दाबून बसवू नये. आणि जी३१ चिपसेटच्या बोर्डावर चार जीबीच्या वर रॅम चालत नाही, मग पुतण्या पुण्याहून कितीही घेऊन येवो.

आता लिनक्स. कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, म्हणून चार जीबी असतील तर मिंट या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती डोळे मिटून टाकावी. दोन जीबी असतील तर त्याहून हलकं अँटीएक्स. अॅटम एन२७० वाले छोटे लॅपटॉप फक्त ३२ बिटचे. त्यांची पंगत आता उठत चालली आहे : मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये ३२ बिट सोडलं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. अँटीएक्स २३ मात्र अजून त्यांना पानावर बसवतं. कुठलं लिनक्स श्रेष्ठ यावर तासन्‌तास बोलणारे लोक असतात. त्यांना चहा द्यावा, कम्प्युटर देऊ नये.

मिंटची फाइल तीनेक जीबीची. रोज दीड जीबीचा पॅक, आणि रेंज फक्त विहिरीजवळ. म्हणून टॉरेंटने उतरवावी. तुटली तिथून पुढे चालू होते आणि तुकडे स्वतःच तपासून घेते. सरळ डाउनलोड केली तर शा-२५६ चा, म्हणजे फाइल पूर्ण उतरल्याची खूण म्हणून साइटवर दिलेला, आकडा ताडून पाहावा, नाहीतर अर्धवट फाइल इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू करून देणारं साधन) टाकून त्यात फाइल नुसती कॉपी करावी. 'डीडी'च्या आज्ञेने लिहायची असेल तर आधी 'एलएसबीएलके' चालवून कुठली डिस्क कुठली ते पाहावं, कारण डीडी 'नक्की ना?' असं विचारत नाही. अक्षर चुकलं की पेनड्राइव्ह तसाच राहतो आणि घरातला दहा वर्षांचा हिशोब जातो.

बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९. पडदा काळा राहिला तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' जोडायचं. बाकी नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. फक्त पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम काढू नये. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बारा व्होल्ट, सात अँपियर-अवरची बॅटरी असते आणि ती जुनी असेल तर यूपीएस नुसता ओरडतो, तेही लाईट गेल्यावर कम्प्युटरच्या बरोबरीने बंद होत. इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली तर पहिल्यापासून करता येतं. अपडेट चालू असताना गेली तर 'डीपीकेजी'ला, म्हणजे लिनक्समधल्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला, 'कॉन्फिगर ऑल' सांगून अर्धवट राहिलेलं निस्तरावं लागतं. आमच्याकडे लाईट जाते ती बहुतेक अपडेटच्या वेळीच. महावितरणाला कळतं कसं, हा संशोधनाचा विषय आहे.

पुढची गंमत जुन्या ब्रॉडकॉम वायफायची. त्याचं फर्मवेअर बऱ्याचदा सोबत येत नाही, ते इंटरनेटवरून घ्यावं लागतं. आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. या चक्रातून मोबाइल सोडवतो : केबलने जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, ड्रायव्हर उतरवायचा. यूट्यूब अडखळत असेल तर दोष जुन्या ग्राफिक्सचा. व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओच्या नव्या पद्धती त्याला उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच२६४ ही जुनी पद्धत सक्तीची करणारं एक्स्टेंशन टाकून ४८० वर ठेवलं की दशावतार छान दिसतो. हजार ऐंशीचा आग्रह धरणाऱ्यांनी देवळात जाऊन बघावा.

खरी परीक्षा घेतात निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे वीस वर्षांचे ठराव असतात, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. लिनक्सवर उघडले की पानभर रोमन अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. कारण त्या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट टाकला तर वाचता येतं, पण शोधता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे 'क'ला 'क'च मानणाऱ्या संकेतात, बदलून घेणं हा उपाय, आणि बदलताना पहिली वेलांटी कुठे उडाली ते तपासणं हा गुरुजींचा उद्योग. टायपिंगसाठी कीबोर्डात मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची कळमांडणी) जोडून द्यायचं. 'ऱ्या' कसा काढायचा हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायचं : शिफ्ट धरून जे, शिफ्ट सोडून डी, मग य, मग काना.

आणि प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानातून हमखास दिसणाऱ्या एका छोट्या लेसर प्रिंटरची स्वतःची कॅप्ट नावाची गुप्त भाषा आहे. तिचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो, बसतो, एक पान छापतो आणि मौनात जातो. मी आता घरी येण्याआधीच विचारतो, प्रिंटर कुठला. उत्तर ऐकून पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जायची सवय लावतो.

यंत्र परत देताना सूचना मोजक्याच द्याव्यात. रोज अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. भिंतीला चिकटवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. आणि विजा कडाडू लागल्या की मेनचा प्लग तर काढाच, पण टेलिफोनच्या तारेवरचं नेट असेल तर तीही वायर काढा. लोक प्लग काढून निर्धास्त बसतात, वीज तारेवरून येते, मोडेम जाळते आणि लॅनच्या पोर्टातून बोर्डात शिरते. ही शेवटची सूचना तीन वेळा द्यावी, कारण त्यात बोर्ड जातो आणि बोर्डाला खोडरबर चालत नाही.

मिरगाचा पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा फोन ठरलेला.

"तुझ्या त्या लायनक्सात नेट येना नाय."

"काकी, मागची वायर लावलेली आहे का?"

"ती काल रातीच काढलंय. तूच सांगितलंस मां."

"मग आता परत लावा."

"काढूक सांगितलंस. परत लावक खय सांगितलंस?"